जुनी मोटार : दावा आणि पुरावा

एखाद्या घरी मोटारगाडी येते तो दिवस त्या घरापुरता सणाचाच असतो. नवी गाडी घेण्याची ऐपत सर्वांची नसते, म्हणून वर्षानुवर्षे साठवलेल्या पैशांतून पुष्कळ कुटुंबे वापरलेली गाडी घेतात. विक्रेत्याच्या आवारात गाडी चकचकीत उभी असते. एकाच मालकाने वापरलेली, कोठेही ठोकर न लागलेली, अवघी चाळीस हजार किलोमीटर चाललेली, असे तिचे वर्णन केले जाते. पैसे दिले जातात, चाकांखाली लिंबे ठेवली जातात, पेढे वाटले जातात. तीन महिने लोटतात न लोटतात तोच गिअर अडखळू लागतो आणि मागून निळसर धूर येऊ लागतो. गॅरेजातील मिस्त्री बॉनेट उघडून पाहतो आणि सांगतो, की ही गाडी लाखाच्या वर चाललेली दिसते आणि हिचा पुढचा भाग एकदा चेपून पुन्हा सरळ केलेला आहे.

अशा प्रसंगी फसलेला मनुष्य एकतर नशिबाला बोल लावतो किंवा विक्रेत्याशी हुज्जत घालतो. या दोहोंतून फारसे काही निष्पन्न होत नाही. तिसरा मार्ग मात्र उपयोगाचा आहे. विक्रेत्याने काय सांगितले आणि प्रत्यक्षात काय आहे, यांतील तफावत मोजून, लिहून, पुराव्यानिशी मांडणे हा तो मार्ग होय. प्रयोगशाळेत विज्ञानाचा अभ्यासक जे करतो तेच येथे नागरिकाला करावयाचे असते.

एकाला ठाऊक, दुसऱ्याला अज्ञात

जुन्या मोटारींच्या बाजाराने अर्थशास्त्राला एक महत्त्वाचा सिद्धान्त दिला आहे. जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली या विषयावर एक निबंध प्रसिद्ध केला. वरून ठीक दिसणाऱ्या पण आतून खराब निघालेल्या मोटारीला अमेरिकेत बोलीभाषेत ‘लिंबू’ म्हणतात, आणि हाच शब्द त्याने निबंधाच्या शीर्षकात घातला. निबंध प्रथम काही नियतकालिकांनी परत पाठविला होता. पुढे २००१ साली ॲकरलॉफ यांना मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्या निबंधाचा गाभा एका साध्या हिशेबाने समजेल. समजा, बाजारात दहा जुन्या गाड्या आहेत. पाच चांगल्या असून त्यांची खरी किंमत प्रत्येकी चार लाख रुपये आहे. पाच खराब असून त्यांची किंमत प्रत्येकी दोन लाख आहे. कोणती गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा सरासरी धरून तीन लाख देऊ करतो. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, चार लाखांची वस्तू तीन लाखांत कशाला द्यावी? तो आपली गाडी बाजारातून काढून घेतो. उरतात त्या केवळ खराब गाड्या. हे ध्यानात येताच घेणारा दोन लाखांवर उतरतो. अशा रीतीने खोटे बोलणारा एका गिऱ्हाइकाला तर फसवतोच, शिवाय प्रामाणिक विक्रेत्यालाही बाजारातून हुसकून लावतो.

या निबंधाचा भारताशीही संबंध आहे. ॲकरलॉफ १९६७-६८ मध्ये दिल्ली येथील भारतीय सांख्यिकी संस्थेत अभ्यागत प्राध्यापक होते. आपल्या निबंधात त्यांनी भारतीय गृहिणीचा दाखला दिला आहे. तांदळाच्या रंगाचे व आकाराचे खडे दुकानदार मुद्दाम मिसळतो, म्हणून तिला तांदूळ निवडत बसावे लागते. मोटार घेणाऱ्यालाही असेच निवडत बसावे लागते. फरक इतकाच, की मोटारीतील खडे सुपात घेऊन दिसत नाहीत.

अंतर मोजणारे यंत्र

जुन्या गाडीविषयीचा सर्वांत सोपा खोटेपणा किलोमीटरच्या आकड्यात असतो. म्हणून तो आकडा उमटतो कसा, हे प्रथम पाहू.

चाकाचे फेरे मोजून अंतर काढण्याची कल्पना फार जुनी आहे. व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुशास्त्रज्ञाने इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात अशा एका गाडीचे वर्णन केले आहे. तिच्या चाकाचा परीघ साडेबारा फूट होता. अशा चाकाचे ४०० फेरे झाले म्हणजे ५००० फूट, अर्थात एक रोमन मैल पुरा होई, आणि दंतचक्रांच्या योजनेमुळे एक गोटा धातूच्या भांड्यात पडे. मुक्कामाला पोहोचल्यावर गोटे मोजले की मैल समजत.

जुन्या मोटारींतील मीटरचे तत्त्व हेच होते. गिअरपेटीतून निघालेली एक लवचीक तार गाडीबरोबर फिरत असे. तिला जोडलेले मळसूत्र एकदा फिरले की दंतचक्राचा एकच दाता पुढे सरके. वीस दात्यांचे चक्र असेल तर तारेच्या वीस फेऱ्यांना चक्राचा एक फेरा होई; अशी दोन चक्रे एकापुढे एक बसवली तर चारशे फेऱ्यांना एक. शेवटी शून्य ते नऊ आकडे लिहिलेली नळकांडी असत आणि एकाचा पूर्ण फेरा झाला की डावीकडचे नळकांडे एक घर पुढे जाई. तार उलटी फिरवून किंवा मीटर उघडून आकडे मागे नेणे लबाडाला अवघड नव्हते.

आजच्या गाड्यांत तारेची जागा विद्युत्-संवेदकाने घेतली आहे. तो दर फेऱ्याला ठरावीक स्पंद पाठवतो, गाडीतील संगणक ते मोजतो आणि बेरीज स्मृतिचकतीत साठवतो. दाते गेले म्हणून लबाडी मात्र गेली नाही. योग्य उपकरण जोडून ती बेरीज पुसून दुसरी लिहिता येते, आणि त्याची खूण काचेवर राहत नाही. काही गाड्यांत हाच आकडा आणखी एखाद्या नियंत्रक भागातही साठवलेला असतो. दोन्ही ठिकाणचे आकडे जुळले नाहीत तर संशयाला बळकट कारण मिळते. अमेरिकेने मीटर मागे फिरविण्यास १९७२ साली केंद्रीय कायद्याने बंदी घातली आणि १९८६ साली मालकीहक्काच्या कागदावर किलोमीटर—तेथील मैल—नोंदविणे अधिक कडक केले, यावरून हा रोग एका देशापुरता नाही हे दिसेल.

गाडीची स्वतःची साक्ष

मीटर खोटे बोलू शकते. पण झीज एका ठिकाणची लपवली तरी दुसऱ्या ठिकाणी दिसते. तीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीच्या क्लच व ब्रेकच्या पायपट्ट्यांवरील रबर गुळगुळीत झालेले नसते, स्टिअरिंगचे चक्र झिजून चमकत नाही, चालकाची बैठक एका बाजूला खचत नाही. टायरच्या कडेवर चार अंकी खूण असते. पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. गाडी २०१९ ची, चालली थोडी, आणि चारही टायर मात्र २०२३ चे, असे दिसले तर पहिले टायर का बदलावे लागले, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

अपघाताची दुरुस्ती ओळखण्यासाठी शाळेतील लोहचुंबक पुरते. तो पातळ फडक्यात गुंडाळून पत्र्यावर ठिकठिकाणी टेकवावा. चेपलेला पत्रा सरळ करून वर पुट्टी भरली असेल तेथे चुंबक आणि पोलाद यांतील अंतर वाढते आणि ओढ एकदम कमी होते. कारखान्यातील रंगाचा थर साधारणतः शंभर ते दीडशे मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या सातव्या-दहाव्या हिश्शाएवढा असतो; पुट्टीचा थर त्याच्या कितीतरी पट जाड असतो. रंगाची जाडी मोजणारी उपकरणेही मिळतात. बंपरसारख्या प्लॅस्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या भागांवर मात्र चुंबकाची परीक्षा लागू पडत नाही.

पुरात बुडालेली गाडी हा त्याहून मोठा धोका होय. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि रस्त्यांवरच्या असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. अशी गाडी धुऊन पुसून पुन्हा उजळ करता येते, पण तारांच्या जोडांत शिरलेले पाणी महिनोन् महिने गंज चढवीत राहते. आसनाचा पट्टा शेवटापर्यंत ओढून पाहावा. आतल्या टोकावर गाळाची रेघ असेल तर ती बोलकी साक्ष आहे. गालिच्याखालचा पत्रा आणि जादा चाकाची जागाही पाहावी.

इंजिन थंड असतानाच सुरू करून दाखविण्यास सांगावे. निळसर धूर म्हणजे वंगणाचे तेल जळत आहे. थांबतच नाही असा पांढरा धूर म्हणजे थंडाव्याचे पाणी जळणाच्या जागी शिरत असण्याचा संभव आहे. तेलाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर तेलात पाणी मिसळत असावे.

आलेखाचा कागद

सर्वांत भक्कम पुरावा मात्र कागदांतून मिळतो. दुरुस्तीच्या पावत्यांवर आणि अधिकृत सेवाकेंद्राच्या नोंदींत तारीख व किलोमीटर दोन्ही असतात. आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर वर्षे आणि उभ्या अक्षावर किलोमीटर मांडावेत. समजा, २०१८ मध्ये ४२,०००, २०२० मध्ये ७१,००० आणि विक्रीच्या वेळी २०२३ मध्ये ४८,००० अशी नोंद आढळली. धावलेले अंतर कधी कमी होत नाही. म्हणून आलेखाची रेषा खाली उतरली की त्या दोन तारखांच्या मध्ये आकडा बदलला गेला, हे सिद्ध झाले. मीटर बिघडून नवे बसविले असेल तर तसे घडू शकते. परंतु तसे असल्यास त्याची पावती असावयास हवी आणि विक्रेत्याने ते आधी सांगावयास हवे.

याबरोबरच गाडीवर कोरलेला चेसिस क्रमांक आर. सी. बुकातील क्रमांकाशी अक्षरशः ताडून पाहावा. मालक कितवा, गाडीवर कर्जाचा बोजा आहे काय, विमा चालू आहे काय, हे परिवहन खात्याच्या नोंदींवरून पडताळता येते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमांनुसार जुन्या वाहनांच्या विक्रेत्याने नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घेणे आणि आपल्या ताब्यातील वाहनांच्या फेऱ्यांची नोंद ठेवणे आवश्यक आहे. ते अधिकारपत्र पाहण्यास मागावे.

फसवणूक उघडकीस आल्यावर

आता कायद्याकडे वळू. १९३० च्या मालविक्री कायद्यात असे तत्त्व आहे, की वस्तू वर्णनावरून विकली असेल तर ती त्या वर्णनाशी जुळली पाहिजे. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे कपटाने किंवा चुकीच्या विधानाने मिळविलेल्या संमतीचा करार फसलेल्या पक्षाला रद्द करता येतो. मात्र त्याच कायद्यात एक इशाराही आहे. चुकीचे विधान निष्कपटपणे केलेले असेल, किंवा कपट केवळ मौनाचे असेल, आणि सामान्य दक्षतेने खरे काय ते घेणाऱ्याला कळू शकले असते, तर करार रद्द करण्याचा हक्क राहत नाही. म्हणून खरेदीपूर्वीची तपासणी हे शहाणपण तर आहेच, पुढे हक्क टिकविण्याचे साधनही आहे.

२०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो २० जुलै २०२० पासून अमलात आला, वस्तूच्या दर्जाविषयी खोटे सांगणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानतो. दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येते, आणि ती तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्यातही दाखल होऊ शकते. किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील दिलाच पाहिजे असेही नाही. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. दोष परीक्षेवाचून कळण्यासारखा नसेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. स्वतःच्या उपजीविकेसाठी टॅक्सी घेऊन ती स्वतः चालविणाऱ्यालाही या कायद्याचे संरक्षण आहे. जो धंदेवाईक विक्रेता नाही अशा शेजाऱ्याकडून गाडी घेतली असेल तर मात्र मार्ग सामान्यतः दिवाणी न्यायालयाचा असतो.

फसगत लक्षात येताच काय करावे? प्रथम, गाडी दुरुस्त करण्याची घाई करू नये, कारण दुरुस्तीबरोबर पुरावाही नाहीसा होतो. दोषांची छायाचित्रे तारखेसह घ्यावीत. विक्रेत्याशी संबंध नसलेल्या जाणत्या मिस्त्रीकडून लेखी तपासणी-अहवाल घ्यावा. सेवाकेंद्राकडून जुन्या नोंदींची प्रत मागावी. विक्रेत्याची जाहिरात, पावती आणि संदेश जपून ठेवावेत. मग विक्रेत्याला स्पीड पोस्टाने पत्र लिहावे. काय सांगितले होते, काय आढळले, आणि आपणास गाडी परत देऊन पैसे हवेत की दुरुस्तीचा खर्च, हे त्यात शांतपणे, मुदत घालून मांडावे. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक साहाय्य क्रमांक १९१५ वर तक्रार नोंदवावी आणि त्यानेही काम न झाल्यास आयोगाकडे जावे.

या साऱ्याचा आरंभ मात्र खरेदीच्या दिवशीच होतो. मालकांची संख्या, किलोमीटर, अपघात व पूर यांविषयी विक्रेता जे तोंडाने सांगतो, ते पावतीवर त्याच्या सहीनिशी लिहून मागावे. प्रामाणिक विक्रेता हे आनंदाने करील, कारण चांगल्या मालाला खरी किंमत मिळण्याचा त्याचाही तोच एक मार्ग आहे. जो लिहून देण्यास कांकू करतो, त्याची गाडी कितीही चकचकीत असली तरी तेथून उठून यावे. तांदळातील खडा शिजण्यापूर्वीच वेचलेला बरा.