अंतराळात नेलेला गेरू

16 वर्षांच्या बिंटीला दूरच्या ग्रहावरच्या विद्यापीठात प्रवेश मिळालाय. घरच्यांना न सांगता ती अंधारातच निघते. सामानात एक बरणी आहे, अंगाला आणि केसांना लावायच्या तांबड्या लेपाची. नामिबियातल्या हिंबा बायका आजही गेरू आणि लोणी कालवून असा लेप लावतात. पुढे यानावर परग्रहवासी हल्ला करतात. याच लेपाने त्यांच्यातल्या एकाची जखम भरून येते आणि वैराची धार हळूहळू बोथट होते.

ही गोष्ट न्नेडी ओकोराफोर यांच्या ‘बिंटी’ची (2015). तिला ह्यूगो आणि नेब्युला हे विज्ञानकथेतले दोन्ही मानाचे पुरस्कार मिळाले. ओकोराफोर जन्मल्या अमेरिकेत. आईवडील नायजेरियातले, इग्बो. लहानपणी सुट्टीत त्या नायजेरियाला जायच्या. 19 व्या वर्षी पाठीच्या कण्याची शस्त्रक्रिया झाली, पाय काही काळ लुळे पडले, टेनिस सुटलं. रुग्णालयाच्या खाटेवरच त्या लिहू लागल्या. आपल्या लेखनाला त्या ‘आफ्रिकनफ्युचरिझम’ म्हणतात. म्हणजे भविष्याची कथा सांगणारा माणूस आफ्रिकेत उभा राहून बघतोय. त्यांच्या ‘लगून’ या कादंबरीतले परग्रहवासी म्हणूनच लागोसच्या किनाऱ्यालगत समुद्रात उतरतात.

असंच आपल्या भूमीवरून बघणारे दुसरे विज्ञानकथाकार, चीनचे लिऊ त्सिशिन. ते वीजकेंद्रात अभियंता होते. विज्ञानकथाकार आर्थर सी. क्लार्क यांचं ऋण ते मोकळेपणाने मानतात. पण लिऊंच्या ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’ या कादंबरीचं मूळ आहे सांस्कृतिक क्रांतीत. भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकाला भर सभेत मारून टाकलं जातं, मुलगी डोळ्यांनी बघते. माणसावरचा विश्वास उडालेली हीच मुलगी पुढे परग्रहवासीयांना पृथ्वीवर बोलावते. चिनी पुस्तकात हा प्रसंग मध्यावर येतो. अनुवादक केन लिऊ यांनी इंग्रजीत तो सुरुवातीला आणला. 2015 चा ह्यूगो या अनुवादाला मिळाला.

आपल्या मातीतून विज्ञानकथा उभी करणं मराठीत खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी आधीच करून दाखवलं होतं. केंब्रिजमधले त्यांचे गुरू फ्रेड हॉईल स्वतः विज्ञानकथा लिहीत. नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपलं नाव पाहून कुणी बक्षीस देऊ नये म्हणून. त्यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये पानिपतच्या लढाईत पेशवेपुत्र विश्वासरावांचा जीव घेणारी गोळी त्यांच्या कानाजवळून निघून जाते आणि इतिहास वेगळाच घडतो. त्या वेगळ्या इतिहासाच्या जगात जाऊन परतलेल्या कथानायक गंगाधरपंतांच्या खिशात बखरीचं एक फाटकं पान उरतं. कथेचा आधार क्वांटम सिद्धांताचा, हुरहूर मात्र पानिपताची.

विज्ञानाचे नियम लागोसला, बीजिंगला आणि पुण्याला सारखेच. त्यांना विचारायचा प्रश्न मात्र ज्याने त्याने आपल्या घरून आणायचा असतो. विज्ञानकथा लिहायला बसलेल्या मराठी मुलामुलींनो, यान कुठलंही घ्या. बरणी तेवढी घरची असू द्या.