घाटातले डांबर : पाव किलो रसायनाचा हिशोब

सुरतेचा कपडा सागबाऱ्यावरून अक्कलकुव्यात येतो आणि देवगोई घाटाने मोलगीला चढतो. परतीच्या गाडीत आमचूर असतो. आम्हा व्यापाऱ्यांचे नफा-नुकसान या रस्त्यावर ठरते, म्हणून डांबर हा एकट्या ठेकेदाराचा विषय आहे असे आम्ही मानत नाही.

नेहमीच्या पद्धतीत खडी व डांबर सुमारे 150 ते 165 अंश सेल्सिअसला कालवतात. त्याहून थंड डांबर घट्ट असते, ते खडीला नीट लागत नाही. मात्र प्लांट लांब असेल तर डंपर घाट चढेपर्यंत माल निवतो. निवलेल्या मालावर रोलर कितीही फिरवा, आत पोकळी राहते. तिच्यात पाणी शिरले की खड्डा पडतो.

यावर 1990 च्या दशकात युरोपात उपाय निघाला : डांबरात थोडे रसायन मिसळून कमी तापमानात काम करणे. कोणी मेण घालतात, कोणी पाणी सोडून डांबराला फेस आणणारी पूड. तिसरा प्रकार आमच्या रंगारी बांधवांना समजावून सांगायला नको. कोरे कापड हौदात टाकले तर पाणी झटकते. वेटिंग एजंट घातले की रंग धाग्यात उतरतो. इथे धाग्याच्या जागी खडी आहे, एवढाच फरक.

एक टन मालात डांबर साधारण 50 किलो. त्याच्या अर्धा टक्का, म्हणजे पाव किलो रसायन. तेवढ्यावर तापमान 20 ते 30 अंशांनी उतरते. दिल्लीत बवाना येथे 2009 साली चाचणी झाली, आणि 2014 मध्ये इंडियन रोड्स काँग्रेसने मार्गदर्शिका काढली.

30 अंश वाचले तर टनामागे सुमारे पाऊण लिटर डिझेलची उष्णता वाचते, आणि फावडे धरणाऱ्या मजुराच्या छातीत धूर कमी जातो. पण खडी ओली असेल तर? शेकडा एक टक्का ओल म्हणजे टनाला 10 लिटर पाणी. ते उडवायला जवळपास तेवढेच इंधन जळते! म्हणजे रसायनाआधी खडीच्या ढिगावर ताडपत्री हवी, आणि ताडपत्रीचा भाव तर आम्ही जाणतोच.

आमच्या भागाला खरा फायदा वेगळाच आहे. रसायन घालून माल नेहमीइतकाच गरम काढला, तर वाटेत निवूनही तो दबतो. घाटासाठी वेळ मिळतो.

धोकाही आहे. कमी आचेवर खडीच्या पोटात ओल राहिली तर सातपुड्याच्या पावसात डांबर सुटते; म्हणून पाण्याची चाचणी सक्तीची हवी. शिवाय निवलेला माल टाकून "यात रसायन आहे, चालते" असे सांगणारेही निघतील. तेव्हा व्यापारी मंडळींनी बांधकाम खात्याकडे तीन गोष्टी लेखी मागाव्यात : कोणते रसायन, किती, आणि किती अंशांखाली आलेला डंपर परत पाठवणार. थर्मामीटर मालात खुपसला की आकडा सर्वांना दिसतो.