औषध फुकट, दिवस महाग

तेंदूची पानं आदल्या रात्रीच भिजवावी लागतात. पाण्यातून काढून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली की सकाळपर्यंत मऊ पडतात. कोरडं पान फर्म्याखाली धरून कापायला गेलं तर शिरेपाशी चिरतं आणि वाया जातं. भंडारा शहराच्या एका जुन्या वस्तीत मी ज्या बाईंच्या घरी जात असे, तिथे या गुंडाळीवरून दुसऱ्या दिवसाचा बेत कळायचा. गुंडाळी जाड असेल तर उद्या दिवसभर बिडी. बारीक असेल तर उद्या पोराला घेऊन दवाखाना.

पोरगा तेरा वर्षांचा आहे, दिसतो नऊ-दहाचा. डोळ्यांत पिवळी झाक. त्याला सिकलसेल आहे. गल्लीत सगळ्यांना हे ठाऊक आहे, आणि लपवावं असं आता कुणाला वाटतही नाही, कारण त्याच गल्लीत आणखी दोन घरी हाच आजार आहे.

आधी बिडीचं सांगते, कारण या घरातल्या आजारपणाचा हिशेब बिडीतच होतो. मांडीवर सूप, सुपात कापलेली पानं, एका कोपऱ्यात तंबाखूचा ढीग. डाव्या हाताच्या बोटांवर पान, त्यावर उजव्या हाताने चिमूटभर तंबाखू, मग दोन्ही अंगठ्यांनी एक वळसा. रुंद तोंडाची कड नखाने आत दुमडायची, दुसऱ्या टोकाला दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे आणि दोरा तोडायचा. पाहणाऱ्याला हे सगळं एकाच हालचालीत झाल्यासारखं वाटतं. बाई बोलत असतात, चुलीकडे लक्ष असतं, पोराला हाक मारत असतात, हात थांबत नाहीत. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. मजुरी मात्र हजारावर. ठेकेदार पानं, तंबाखू मोजून देतो आणि बिड्या मोजून घेतो. हलक्या भरलेल्या, वाकड्या, सैल बांधलेल्या तो छाटून बाजूला टाकतो. त्या छाटलेल्या बिड्यांची मजुरी मिळत नाही. पानं खराब निघाली आणि कमी पडली, तर ती पदरची विकत आणून भरायची.

"दिवसभर बसलं त हजार होते," त्या म्हणाल्या. "पोराले दवाखान्यात नेलं त दोनशेबी नाई होत."

मुलाच्या औषधाला महिन्याला किती पैसे लागतात, असं मी विचारलं होतं. माझा प्रश्न रुपयांत होता, उत्तर बिड्यांत आलं. औषध फुकटच मिळतं, जातो तो दिवस.

सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. तांबड्या पेशी गोल राहण्याऐवजी विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, लवकर मरतात. अडकल्या की पुढच्या भागाला रक्त पोचत नाही आणि तिथे कळ उठते. हाडांत, सांध्यांत, पाठीत, छातीत. पूर्व विदर्भाला हा आजार नवा नाही. नागपुरातल्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली 'लॅन्सेट'मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलवर लिहिलं होतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर आणि तिकडे नंदुरबार हा महाराष्ट्रातला त्याचा पट्टा. आईबाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. वाहकाला स्वतःला सहसा काहीच होत नाही, म्हणून त्याला पत्ताही नसतो. या बाईंना आणि त्यांच्या नवऱ्याला आपण वाहक आहोत हे कळलं ते मुलगा अडीच वर्षांचा असताना, त्याचे हातपाय सुजून तो रात्रभर रडला त्यानंतर.

पहिली तपासणी इतकी साधी आहे की पाहून आश्चर्य वाटतं. बोटाला टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, नळीतल्या द्रावणात टाकायचा, थोडा वेळ थांबायचं आणि नळी काळ्या रेघांच्या कार्डासमोर धरायची. रेघा दिसल्या तर बरं. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर रक्तात सिकलचं हिमोग्लोबिन आहे. माणूस वाहक आहे की आजारी, हे मात्र त्यावरून ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची तपासणी लागते. बाईंच्या पत्र्याच्या पेटीत लग्नपत्रिका, रेशनकार्ड आणि दोघांचे सिकलसेलचे कागद एकाच प्लास्टिकच्या पिशवीत आहेत. लग्नपत्रिका सगळ्यात जुनी. लग्नाआधी पत्रिका जुळवली होती का, असं विचारायचा मोह मी आवरला.

बाहेरच्या वाचकाला भंडारा आठवतो तो बातम्यांमुळे. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात बालकांच्या कक्षात आग लागून दहा बाळं गेली. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत स्फोट झाला. असा एखादा दिवस सोडला तर वैनगंगेकाठचं हे शहर कुणाच्या गावीही नसतं. पितळेच्या भांड्यांसाठी त्याची ओळख होती, स्टेनलेस स्टील आणि प्लास्टिकने तो धंदा खाल्ला. तुमसरकडे मँगनीजच्या खाणी चालू आहेत, पण माणेकनगरचा फेरो-मँगनीजचा कारखाना वर्षानुवर्षं बंद पडलेला. बाकी धान, राइस मिल, वरठीचा पोलाद कारखाना आणि घराघरांतली बिडी. बिडीही आता पहिल्यासारखी राहिली नाही. या बाईंना ठेकेदार आठवड्यातून तीन-चार दिवसांचंच काम देतो. नवरा राइस मिलमध्ये हमाली करतो, हंगाम संपला की मिळेल ते काम. म्हणजे कामाचे दिवस आधीच मोजके, आणि दवाखाना त्यातलाच एक मागतो.

दवाखान्याचा दिवस कसा जातो ते मी त्यांच्यासोबत बसून पाहिलं. पहाटे उठून त्या शंभरेक बिड्या उरकून घेतात. मग डबा, दोन बाटल्या पाणी. सिकलसेलच्या पेशंटने पाणी सतत पीत राहायचं असतं, शरीर सुकलं की कळ येते, आणि रांगेत उभं राहिल्यावर नळ कुठे शोधणार? आधी केसपेपरची खिडकी. मग डॉक्टर. हायड्रॉक्सियुरिया हे औषध दीर्घकाळ घ्यायचं, पण ते चालू असताना अधूनमधून रक्त तपासावं लागतं, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट फार खाली तर गेल्या नाहीत ना हे बघायला. म्हणून चिठ्ठी घेऊन प्रयोगशाळेत, तिथून पुन्हा बाकावर. रिपोर्ट दुपारी. रिपोर्ट दाखवल्याशिवाय गोळ्या नाहीत आणि दुपारी ओपीडीतले डॉक्टर वॉर्डात गेलेले. यात कुणाची हयगय नव्हती. नर्सबाई मुलाला नावाने ओळखत होत्या, प्रयोगशाळेतल्या तरुणाने पहिल्याच टोचणीत शीर पकडली. प्रत्येकजण आपापलं काम नीट करत होता आणि त्या सगळ्या कामांची बेरीज एक अख्खा दिवस होत होती.

एकदा असंही झालं, की एका सरकारी दवाखान्यात गोळ्या संपल्या होत्या आणि "परवा या" असं सांगण्यात आलं. बाई काही बोलल्या नाहीत. बाहेर आल्यावर पायरीवर बसून म्हणाल्या, "परवाचा दिवस कोनाचा?" त्या दिवशी ठेकेदाराकडे माल द्यायचा होता.

बरं असतं तेव्हाचा हा हिशेब. कळ उठते तेव्हा सगळंच वेगळं. थंडीत जास्त उठते. काचेच्या सलाईनच्या रिकाम्या बाटलीत गरम पाणी भरून, ती ओढणीत गुंडाळून बाई मुलाच्या मांडीखाली सरकवतात. रात्री वेदनाशामक गोळी, भरपूर पाणी आणि वाट पाहणं. त्याला हात लावलेला चालत नाही, पण कुणी उठून गेलेलंही चालत नाही. छातीत दुखलं किंवा ताप चढला तर घरी थांबायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं आहे. मग भरती, कधी रक्त लावणं आणि प्रकरण हाताबाहेर चाललं तर नागपूर. साठेक किलोमीटर. नागपूरला 'मेडिकल'मध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजात, भरती झालं की किमान चार-पाच दिवस धरायचे. आई मुलाजवळ, म्हणजे बिडी बंद. बाप घर आणि नागपूर करत राहणार, म्हणजे हमाली बंद. धाकटी मुलगी मावशीकडे, म्हणजे तिची शाळा बंद.

आणि तंबाखू. एका खोलीच्या घरात तंबाखूची धूळ कुठे जाईल? छातीचा संसर्ग या मुलांच्या जिवावर बेततो. डॉक्टर म्हणतात, त्याला तंबाखूपासून लांब ठेवा. बाई दाराच्या बाहेर, छपरीत बसून बिड्या बांधतात. पावसाळ्यात आत यावंच लागतं. मुलाच्या औषधामागचा दिवस ज्या कामातून विकत घ्यायचा, ते कामच त्याच्या छातीला वाईट, यावर माझ्याकडे तरी उत्तर नव्हतं.

सरकारने काही केलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला. परीक्षेत जास्तीचा वेळ मिळण्याची सोय झाली. एसटीने सिकलसेलच्या रुग्णांना प्रवास मोफत केला आणि १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचं कवच दीड लाखावरून पाच लाखांवर गेलं. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, २०४७ हे त्याचं उद्दिष्टाचं वर्ष. यातलं बरंच सहजासहजी आलेलं नाही. नागपूरच्या संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी करून वर्षानुवर्षं सरकारदरबारी खेटे घातले. २०१८ ची पद्मश्री त्यांना मरणोत्तर मिळाली.

पण या सगळ्या योजना रुग्णाकडे पाहतात, सोबतच्या माणसाकडे पाहत नाहीत. जनआरोग्य योजना भरती झालेल्या पेशंटसाठी आहे. पेशंटचं जेवण पॅकेजमध्ये धरलेलं असतं, आईचं नाही. दिव्यांग प्रमाणपत्र काढायचं तर मंडळासमोर एक दिवस, अनुदानाच्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला हवा, त्यासाठी तहसीलला आणखी एक. बिडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने कल्याण निधी आहे. त्यासाठी बिडीवर लावलेला उपकर जीएसटी आला त्या वर्षी, २०१७ साली, रद्द झाला. बिडी कार्ड तरी आहे का, असं मी विचारलं. सासूच्या नावाचं आहे, आणि सासू वारली.

मग खोट कशी भरते? जुलै २०२४ पासूनचे 'लाडकी बहीण'चे दीड हजार येतात ते थेट किराण्यात. बचत गटाचं कर्ज शेकडा दोनने, ते सगळ्यात बरं, पण गटात आधीचं फिटल्याशिवाय दुसरं नाही. मायक्रोफायनान्सवाला आठवड्याच्या ठरलेल्या वारी येतो, त्याला पोरगा भरती आहे हे कारण चालत नाही, कारण एकीचा हप्ता चुकला तर गटातल्या बाकीच्या बायकांना तो भरावा लागतो. शेजारणीसमोर मान खाली घालायची वेळ येऊ नये म्हणून बाईंनी मागच्या थंडीत कानातलं गहाण टाकलं. सोनाराची चिठ्ठी त्याच प्लास्टिकच्या पिशवीत आहे, सिकलसेलच्या कागदांना चिकटून.

मला विचाराल तर इथे आणखी एक मोठी योजना नको. तब्येत स्थिर असलेल्या मुलाला एका खेपेला दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या द्या. रक्ताचा नमुना जवळच्या आरोग्य केंद्रात घ्या आणि रिपोर्ट फोनवर कळवा. वेदनेच्या वेळी लागणारी औषधं आणि ती द्यायला धजणारा डॉक्टर तालुक्याच्या ठिकाणी ठेवा. यातलं काही कुठे कुठे होतंही. जिथे होतं तिथे आईचा महिन्यातला एक दिवस वाचतो, आणि हा दिवस कुठल्याही अनुदानापेक्षा तिला जास्त कामाचा आहे. वाहकांच्या तपासणीचंही तेच. कॉलेजात, लग्नाच्या वयाआधी, पोरापोरींच्या हातात आपला रिपोर्ट असला पाहिजे. लग्न मोडायला नव्हे, पुढचं ठरवायला. गरोदरपणात लवकर तपासणी झाली तर आईबापांसमोर पर्याय उरतात.

एक गोष्ट मात्र सरकारची वाट न पाहता होण्यासारखी आहे. सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना रक्त मोफत आणि बदली रक्तदाता न मागता द्यावं, असा नियम आहे. पण पिशवीच शिल्लक नसेल तर नियम काय करणार? कॉलेजांना सुट्ट्या लागल्या की शिबिरं थांबतात, एप्रिल-मे महिन्यांत रक्तपेढ्यांमधला साठा खाली येतो, आणि विदर्भातल्या उन्हात याच मुलांचं अंग सुकतं. मागच्या मे महिन्यात या मुलाचा बाप एका रक्तपेढीबाहेर दिवसभर ओळखीच्यांना फोन लावत बसला होता. पुतण्या आणि मिलमधला एक सोबती संध्याकाळी आले. तुम्ही रक्त देत असाल तर जयंतीच्या किंवा पंधरा ऑगस्टच्या शिबिरात जरूर द्या, पण वर्षातली एक खेप मेसाठी राखून ठेवा.