फ्रीमेसनरीतील बंधुभाव व दानधर्म : मुंबईतील ‘रायझिंग स्टार’ लॉजच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड परिसरातील नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांवरील कौले व पत्रे उडाले. शासकीय यंत्रणेबरोबरच अनेक सेवाभावी मंडळे मदतीसाठी पुढे आली. अशा प्रसंगी अभ्यासकापुढे एक प्रश्न उभा राहतो. केवळ स्नेहासाठी एकत्र येणारी माणसे सेवेकडे कशी वळतात, आणि त्यांची सेवा सभासदांच्या कुंपणाबाहेर कितपत जाते? या प्रश्नाचा विचार करण्यास उपयुक्त असे एक जुने उदाहरण मांडव्यासमोरच्या किनाऱ्यावर, म्हणजे मुंबईत आहे. ते उदाहरण फ्रीमेसनरीचे होय. प्रस्तुत लेखात तिच्यातील बंधुभाव व दानधर्म यांचा परस्परसंबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

संघटनेचे स्वरूप

‘मेसन’ म्हणजे दगडी बांधकाम करणारा गवंडी. गवंड्याचा गुण्या, कंपास, पाणसळ व ओळंबा ही साधने या संघटनेने सदाचाराची प्रतीके म्हणून स्वीकारली. लंडन येथे १७१७ मध्ये पहिली ग्रँड लॉज स्थापन झाली असे परंपरेने मानले जाते. काही अलीकडच्या संशोधकांनी १७२१ हे वर्ष सुचविले आहे. संघटनेच्या शाखेस ‘लॉज’ म्हणतात. बंधुभाव, साहाय्य व सत्य ही तिची त्रिसूत्री होय. सभासदाची परमेश्वरावर श्रद्धा असावी लागते. मात्र तो परमेश्वर कोणत्या धर्माचा, हे विचारले जात नाही. लॉजमध्ये धर्म व राजकारण यांवर वाद घालण्यास मनाई असते. भारतीय लॉजमध्ये गीता, कुराण, बायबल, अवेस्ता असे विविध धर्मग्रंथ एकत्र ठेवण्याची प्रथा या भूमिकेतूनच रुजली.

मुंबईतील अनुभव

हे तत्त्व वसाहतीच्या काळात सहजासहजी आचरणात आले नाही. माणेकजी करसेटजी या पारशी गृहस्थांना मुंबईत प्रवेश मिळाला नाही. अखेर त्यांनी पॅरिस येथे दीक्षा घेतली. पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील डॉ. जेम्स बर्न्स यांच्या पुढाकाराने १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही लॉज स्थापन झाली आणि एतद्देशीयांसाठी दार उघडले. याच माणेकजींनी १८६३ मध्ये मुलींच्या इंग्रजी शिक्षणासाठी ॲलेक्झांड्रा संस्था काढली, ही बाब लक्षणीय आहे. ज्याला एका दारावर थांबावे लागले, त्याने दुसऱ्यांसाठी दुसरे दार उघडले. प्राच्यविद्या पंडित खरशेदजी रुस्तमजी कामा हेही याच लॉजचे मान्यवर सभासद होते. त्यांच्या फ्रीमेसनरीतील पन्नास वर्षांच्या निमित्ताने निघालेल्या गौरवग्रंथाचे संपादन जीवनजी जमशेदजी मोदी यांनी केले.

तथापि एकत्र बसणे आणि एका पंगतीत जेवणे या दोन भिन्न गोष्टी होत्या. रडयार्ड किपलिंग यांनी १८८६ मध्ये लाहोर येथे दीक्षा घेतली. आपल्या लॉजवरील कवितेत त्यांनी विविध धर्मांच्या बांधवांचा उल्लेख केला आहे. पण कोणाचा जातिधर्म बिघडू नये म्हणून तेथे मेजवानी होत नसे, हेही नोंदविले आहे. लॉजच्या दाराबाहेर तर राज्यकर्ता व प्रजा हे अंतर कायमच होते.

दानाची पद्धती

दीक्षाविधीत उमेदवाराजवळील पैसे व धातूच्या वस्तू काढून घेतात आणि त्यानंतर त्याच्याकडे दान मागतात. देण्याची इच्छा आहे, पण हाती काहीच नाही, ही अवस्था त्याला स्वतः अनुभवावी लागते. दरिद्री माणसाकडे पुढे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा हा पहिला पाठ होय. सभेत दानाची पिशवी फिरते. कोणी किती टाकले हे शेजाऱ्यास कळत नाही. आजारी बांधव, दिवंगत सभासदाची विधवा व मुले यांची विचारपूस करण्यासाठी स्वतंत्र पदाधिकारी नेमलेला असतो. म्हणजेच येथे मदतीची सुरुवात ओळखीपासून होते. गरज कोणाची व किती, हे अर्ज येण्यापूर्वीच ठाऊक असते.

मर्यादा

या व्यवस्थेची शक्ती हीच तिची मर्यादाही आहे. सभासद निवडताना पांढऱ्या व काळ्या गोळ्यांनी गुप्त मतदान होते. काळ्या गोळ्या पडल्यास प्रवेश नाकारला जातो. परंपरागत लॉजमध्ये स्त्रियांना सभासदत्व नाही. ॲनी बेझंट यांनी स्त्री-पुरुषांच्या संयुक्त फ्रीमेसनरीचा भारतात प्रसार केला, तो मुख्य प्रवाहाबाहेर राहूनच. वर्गणी व वेळ देऊ शकणाराच आत येतो. त्यामुळे मच्छीमार, शेतमजूर वा आदिवासी यांच्या वाट्याला बंधुभाव येत नाही. आलेच तर दान येते. १९६१ मध्ये ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाल्याने कारभार स्वदेशी झाला. परंतु हा सामाजिक प्रश्न केवळ कारभाराच्या बदलाने सुटणारा नव्हता.

निष्कर्ष

स्नेहमंडळाच्या सेवेचे मूल्यमापन दोन कसोट्यांवर करता येईल. पहिली, ती आपल्या माणसांपलीकडे पोहोचते काय? दुसरी, तिचा हिशोब उघड आहे काय? देणाऱ्याचे नाव गुप्त राहणे हा सद्गुण आहे. निधीचा विनियोग गुप्त राहणे हा दोष आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांना १९५० च्या कायद्यानुसार नोंदणी व लेखापरीक्षण आवश्यक आहे, त्यामागील तत्त्वही हेच आहे. आपल्या महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजना व माजी विद्यार्थी मंडळे यांनाही या कसोट्या लागू पडतात. वादळानंतर शिधा घेऊन जाणाऱ्या विद्यार्थ्याला त्या वाडीतील माणसांची नावे वादळापूर्वीच ठाऊक असतील, तर त्याच्या मदतीत उपकाराचा भाव उरणार नाही. बंधुभावाचा खरा अर्थ तेथूनच सुरू होतो.