करड्या नावांची लांबलचक यादी

२०१४ मध्ये ‘आर्स टेक्निका’ या संकेतस्थळाने स्टीम या गेमांच्या ऑनलाइन दुकानातल्या खात्यांचा नमुना तपासून एक हिशेब मांडला होता. खात्यांवर जमा असलेल्या गेमांपैकी सुमारे ३७ टक्के गेम कधी सुरूच झाले नव्हते. अर्धवट सोडले होते असं नव्हे, एकदाही उघडले नव्हते. तेव्हा दर आठवड्याला फुकट गेम वाटणारं एपिकचं दुकान निघायचं होतं (ते निघालं डिसेंबर २०१८ मध्ये) आणि भारतात स्टीमच्या किमती डॉलरमध्ये दिसत. रुपये आले २०१५ च्या अखेरीस. आपल्याकडचा पसारा खरा वाढला तो त्यानंतर.

आज लायब्ररी उघडली की डावीकडे यादी दिसते. इन्स्टॉल केलेल्या गेमांची नावं पांढरी, बाकीची करडी. पाच पांढरी आणि दीडशे करडी, हे चित्र नेहमीचं. ती करडी नावं बघून पोटात गोळा येतो, त्यामागे काही पक्क्या समजुती आहेत. बहुतेक चुकीच्या.

‘बाकीचे सगळे खेळून मोकळे, मीच मागे’

बाकीचेही खेळत नाहीत. स्टीमच्या २०२४ च्या वार्षिक आढाव्यात, वर्षभरात खेळलेल्या गेमांचा मध्यक होता चार. म्हणजे निदान निम्म्या लोकांनी अख्ख्या वर्षात चार किंवा त्याहून कमी गेम खेळले. त्याच आढाव्यानुसार, खेळण्यात गेलेल्या एकूण वेळेपैकी जेमतेम १५ टक्के वेळ त्या वर्षी आलेल्या गेमांच्या वाट्याला आला. आठ किंवा अधिक वर्षं जुन्या गेमांनी ३७ टक्के नेला. आणि त्या एका वर्षात स्टीमवर नवे गेम आले १८ हजारांहून जास्त, दिवसाला पन्नासच्या आसपास. बरोबरीने राहायचं म्हणजे नेमकं कोणाच्या? यूट्यूबवर प्रत्येक नवा गेम पहिल्याच दिवशी खेळणाऱ्या माणसाचं ते पोटापाण्याचं काम आहे. तो रात्री दहाला घरचं सगळं आवरून बसलेला नसतो.

खात्री करायची असेल तर कुठल्याही गाजलेल्या गेमची अचीव्हमेंटची यादी उघडावी. जगभरातल्या किती टक्के खेळाडूंनी कोणता टप्पा गाठला, ते तिथे दिसतं. पहिल्या प्रकरणासमोरचा आकडा आणि कथेच्या शेवटासमोरचा आकडा यांतली दरी बघितली की बरंच हलकं वाटतं.

‘पैसे मोजलेत, तर संपवायलाच हवा’

ही सगळ्यात चिवट समजूत. १९८५ मध्ये आर्क्स आणि ब्लूमर या मानसशास्त्रज्ञांनी ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. हंगामी तिकीट घ्यायला आलेल्या काहींना पूर्ण किंमत लावली, काहींना न मागता सूट दिली. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण दाम मोजलेले प्रेक्षक जास्त नाटकांना गेले. नाटकं तीच होती, पण गेलेला पैसा वसूल करायचा होता. गेमांच्या बाबतीत गंमत अशी की, ऐंशी टक्के सवलतीत दीडशे रुपयांना पडलेल्या गेमचंही तेवढंच ओझं वाटतं. ते दीडशे गेले ते गेले. न आवडणाऱ्या गेमवर आणखी दहा रात्री घातल्या तर परत येत नाहीत, रात्री तेवढ्या जातात.

शिवाय साधं गणित करून बघा. दोनशे गेम, सरासरी पंधरा तास धरले तर तीन हजार तास. नोकरी सांभाळून आठवड्याला पाच तास मिळत असतील तर सहाशे आठवडे, म्हणजे साडेअकरा वर्षं. तीही मधे एकही नवा गेम न घेता. आणि पंधरा तासांची सरासरी तशी दयाळूच म्हणायची. ‘विचर ३’ची नुसती मुख्य कथा पन्नास तासांच्या आसपास जाते, ‘पर्सोना ५’ शंभराच्या घरात. तेव्हा हा ढीग उपसून संपणारा नाही. ‘कधी संपेल’ हा प्रश्नच बाद झाला की ‘आज काय खेळावंसं वाटतंय’ एवढाच उरतो.

१९०९ च्या ‘मनोरंजन’पासून आपल्याकडे दिवाळी अंक निघताहेत. हौसेने पाच-सात घरी येतात. दोन पुरते वाचून होतात, एखाद्यातली एक कथा आणि व्यंगचित्रं, बाकीचे पुढच्या दिवाळीपर्यंत टीपॉयखाली. त्यावरून कोणी स्वतःला थकबाकीदार समजत नाही. गेमांचं मात्र मनाला लागतं, कारण तिथे मोजदाद चालू असते: किती तास, किती टक्के, शेवटचं कधी उघडलं. अंकाच्या मुखपृष्ठावर ‘११ टक्के वाचून झाला’ असं छापून येत नाही, म्हणून तो सुखाने पडून राहतो.

आणि ढिगात असतं तरी काय? ‘डोटा २’ किंवा ‘सिव्हिलायझेशन ६’सारख्या गेमांना शेवटच नाही, त्यांना ‘बाकी’ धरण्यात अर्थ नाही. ज्यांच्या सर्व्हरवर आता चिटपाखरू नाही, ते ऑनलाइन गेम गेलेच. एका गेमसाठी घेतलेल्या हंबल बंडलच्या एकगठ्ठा संचातले उरलेले सगळे आपण कधी निवडलेच नव्हते. एपिकने फुकट दिलेले तर नाहीच नाही. हे सगळे बाजूला काढले की खरंच मनापासून हवे असलेले मूठभर राहतात. स्टीममध्ये नावावर राइट क्लिक करून गेम लपवता येतो. तो खात्यातून जात नाही, फक्त डोळ्यांसमोरून जातो, आणि तेवढंच हवं असतं.

‘हा भाव परत यायचा नाही’

येतो. पूर्वी स्टीमच्या सेलमध्ये काही तासांपुरत्या जादा सवलती असायच्या, त्या गाठायला लोक गजर लावून उठत. २०१५ च्या अखेरीस ती पद्धत बंद झाली. मोठ्या सेलमध्ये आता पहिल्या दिवशीचा भाव साधारणपणे शेवटच्या दिवशीही असतो. उन्हाळी-हिवाळी सेल दरवर्षी येतात, आणि जसं वय वाढतं तसा गेम बहुधा स्वस्तच होतो. स्टीमडीबीवर कोणत्याही गेमच्या किमतीचा आलेख मिळतो. एकदा बघितला की घाई निम्मी ओसरते. अपवाद आहेत, ते बहुतेक परवान्यांमुळे: गाड्यांच्या, गाण्यांच्या हक्कांची मुदत संपली की गेम दुकानातून उतरतो. ‘फोर्झा होरायझन ४’ डिसेंबर २०२४ मध्ये असाच विक्रीतून गेला. ज्यांनी आधी घेतला होता त्यांच्याकडे तो राहिला.

फारसा वापरला न जाणारा एक नियम इथे उपयोगाचा आहे. २०१५ पासून स्टीमवर, खरेदीला चौदा दिवस झाले नसतील आणि खेळ दोन तासांपेक्षा कमी झाला असेल, तर पैसे परत मागता येतात, सेलमध्ये घेतला असला तरी. म्हणजे घेतल्या आठवड्यातच तासभर खेळून बघावा, नाही रुचला तर परत करावा. न उघडता ठेवून दिला की पंधराव्या दिवशी तो कायमचा गळ्यात पडतो. ढीग वाढतो तो मुख्यतः इथे. मला विचाराल तर, दोन आठवड्यांत उघडायला वेळ मिळणार नसेल तर गेम विशलिस्टमध्येच बरा. तिथे जागाही लागत नाही आणि पैसेही.

‘घेऊन ठेवू, निवृत्तीनंतर निवांत खेळू’

इथे मात्र उलटी सावधगिरी हवी. आपण विकत घेतो तो गेम नसतो, गेम वापरायचा परवाना असतो. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये हे ग्राहकाला स्पष्ट सांगण्याचा कायदा केला, आणि त्याच सुमारास स्टीमच्या कार्टमध्ये तशी ओळ दिसू लागली. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा गेम एकट्यानेही खेळता यायचा, पण सर्व्हरशी जोडलेला राहूनच. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाले आणि पूर्ण पैसे भरलेल्यांनाही तो उघडेनासा झाला. गेम बंद पाडण्याविरुद्धची ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ त्यातूनच उभी राहिली. म्हणून सर्व्हरवर अवलंबून असलेला गेम ‘पुढे कधीतरी’साठी घेऊ नये. जीओजी या दुकानातले गेम कॉपीबंदीचं कुलूप नसलेले असतात, त्यांची इन्स्टॉलर फाइल हार्ड डिस्कवर उतरवून ठेवता येते. जपून ठेवायची हौसच असेल तर तिथे.

‘हे व्यसनच की’

असं घरचे म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात गेमिंगच्या विकाराची व्याख्या आहे: खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं, नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, आणि हे साधारण वर्षभर चालणं. व्याख्या खेळण्याची आहे. घेऊन न खेळणाऱ्याची अडचण असली तर खरेदीची आहे, आणि तिचा पुरावा बँकेच्या स्टेटमेंटमध्ये सापडतो.

‘सलग तीन-चार तास असतील तरच बसण्यात अर्थ’

छोटे गेमही असतात की. ‘पोर्टल’ (२००७) साधारण तीन तासांचा, ‘जर्नी’ (२०१२) दोनाचा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने केलेला ‘राजी’ (२०२०) पाच-सहा तासांत होतो. एका शनिवार-रविवारी होणारे गेम प्रत्येक यादीत दबलेले असतात, शंभर तासांच्या धुडांखाली. मोठा गेम मधेच सुटला असेल तर पहिल्यापासून सुरू करण्याचा मोह टाळावा, कारण बहुतेक वेळा आपण पुन्हा तिथेच येऊन थांबतो. जुना सेव्ह उघडून अर्धा तास एखादं किरकोळ काम करावं, बटणं बोटांना आठवू लागतात. नाहीच आठवली तर यूट्यूबवर शेवट बघावा आणि दीडशे जीबी मोकळे करावेत.