कंपनी कोणाच्या कॉलेजात येते?

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागला की पुणे, नाशिक, कोल्हापूरच्या रस्त्यांवर अभियांत्रिकी महाविद्यालयांचे फलक झळकू लागतात. त्यांवर ग्रंथालय किंवा प्राध्यापक क्वचितच दिसतात. दिसतात ती टाय लावलेली मुलंमुली, त्यांच्याखाली कंपनीचं बोधचिन्ह आणि सर्वांत ठळक अक्षरांत 'हायेस्ट पॅकेज'चा आकडा. चार वर्षांच्या फीसाठी कर्ज काढणारं कुटुंब तो आकडा वाचून निर्णय घेतं. म्हणजे प्लेसमेंट सेल ही मुलांना नोकरीपर्यंत पोहोचवणारी सोय असली, तरी तिचा पहिला उपयोग होतो तो मुलं कॉलेजपर्यंत आणण्यासाठी. या विषयाचा विचार इथूनच सुरू करायला हवा.

आधी त्या आकड्याकडे नीट पाहू. त्यासाठी देशातल्या सर्वांत बळकट प्लेसमेंट व्यवस्थांपैकी एक घेऊ, पवईची. आयआयटी मुंबईच्या २०२३-२४ च्या प्लेसमेंट अहवालात सरासरी वार्षिक वेतन २३.५ लाख रुपये होतं. पण सगळ्यांना पगाराच्या क्रमाने रांगेत उभं केलं, तर बरोबर मधल्या विद्यार्थ्याचं वेतन होतं १७.९२ लाख. वरच्या टोकाच्या भरघोस पगारांनी सरासरी साडेपाच लाखांनी वर ओढली होती. त्याच अहवालात ४ ते ६ लाखांवर रुजू होणारी मुलंही होती. आणि प्रक्रियेत प्रत्यक्ष उतरलेल्या १,९७९ जणांपैकी नोकरी मिळालेले होते १,४७५. म्हणजे दर चारांतला एक जण कॅम्पसवरून रिकाम्या हाताने परतला. पवईत हे चित्र असेल, तर तालुक्याच्या गावाबाहेर, माळावर उभ्या राहिलेल्या कॉलेजच्या फलकावरचा 'हायेस्ट' आकडा त्या वर्गातल्या साठाव्या मुलाबद्दल काय सांगतो? काहीच नाही.

टक्केवारीचं गणित तर आणखी लवचीक असतं. समजा, शेवटच्या वर्षात १२० विद्यार्थी आहेत. त्यांतले ज्यांचे विषय राहिलेत ते वगळले, पुढे शिकणार म्हणाले ते वगळले, ज्यांनी सेलकडे नोंदणीच केली नाही तेही वगळले. उरले ७०. त्यांतल्या ६३ जणांना नोकरी लागली की फलकावर '९० टक्के प्लेसमेंट' लिहिता येतं, आणि त्यात खोटं असं काही नसतं. काही ठिकाणी विद्यार्थी न मोजता ऑफर मोजतात. एका हुशार मुलीच्या हातात तीन पत्रं असली की ती तीनदा मोजली जाते. केंद्राच्या एनआयआरएफ क्रमवारीत भाग घेणाऱ्या संस्थांना नोकरी लागलेल्यांची संख्या आणि मधलं वेतन सांगावं लागतं, हे त्या मानाने बरं. ती माहिती संस्थेच्या संकेतस्थळावरही असते. मात्र ती भरते संस्थाच, आणि ती शोधून वाचणारे पालक फार थोडे.

नोकरी लावून देणं हे कॉलेजचं काम आहे, असं आपल्याकडे पूर्वी कोणी मानत नव्हतं. आजच्या पालकांच्या वडीलधाऱ्यांनी पदवी हातात पडताच 'एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज'मध्ये नाव घातलं होतं. १९५९ च्या कायद्याने सरकारी कार्यालयांना आणि पंचवीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनांना रिक्त जागा तिथे कळवणं बंधनकारक केलं. तिथूनच माणूस घेतला पाहिजे, असं बंधन मात्र त्या कायद्यात नव्हतं. लोक कार्डाचं नूतनीकरण करत राहिले आणि बोलावणं येण्याची वाट पाहत राहिले. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. फी विद्यार्थ्याच्या खिशातून येऊ लागली, आणि एवढे पैसे घेता तर पुढे काय, हा प्रश्न ओघानेच आला. नव्वदीनंतर सॉफ्टवेअर कंपन्यांना एकाच वेळी शेकड्यांनी माणसं हवी होती. दोन्ही गरजा जुळल्या आणि 'टीपीओ' म्हणजे ट्रेनिंग अँड प्लेसमेंट ऑफिसर हे पद कॉलेजात महत्त्वाचं झालं. सरकारने सोडलेलं काम असं कॉलेजच्या एका खोलीत येऊन बसलं.

या खोलीचा खरा ग्राहक कोण, हे भरतीच्या दिवशी कळतं. कंपनी आपली अट आधीच कळवते: दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीत ६० टक्के, चालू बॅकलॉग नको. दहावीला वडिलांच्या आजारपणात ५८ टक्के पडलेला मुलगा पुढे कितीही चांगला प्रोग्रॅम लिहो, तो सभागृहाच्या दारातच थांबतो. मग अ‍ॅप्टिट्यूड, मग तांत्रिक फेरी, मग एचआर. एकदा ऑफर मिळाली की बहुतेक कॉलेजांत पुढच्या कंपनीला बसता येत नाही. जागा जास्त मुलांना मिळाव्यात, हा या नियमामागचा हेतू योग्य आहे. पण पहिली आलेली कंपनी साडेतीन लाखांची असेल, तर तिथे अडकलेल्या मुलीला दोन महिन्यांनी आलेल्या चांगल्या कंपनीकडे फक्त पाहत राहावं लागतं. टीपीओला पुढच्या वर्षी तीच कंपनी पुन्हा हवी असते. त्यामुळे कंपनीने उशीर केला, अट बदलली किंवा बॉण्ड घातला, तरी तो बोलत नाही. यात त्या माणसाला दोष देणं मला योग्य वाटत नाही. लहान कॉलेजांत तो स्वतः दोन विषय शिकवतो, पेपर तपासतो आणि उरलेल्या वेळात कंपन्यांना फोन लावतो. पण विद्यार्थ्याच्या बाजूने बोलणारं कोणी त्या टेबलावर नसतं, ही वस्तुस्थिती उरतेच.

ऑफर लेटर म्हणजे नोकरी नव्हे, हे गेल्या काही वर्षांत मुलांना फार कठोरपणे कळलं. २०२२ च्या कॅम्पस भरतीत इन्फोसिसने निवडलेल्या सुमारे दोन हजार मुलांना दोन वर्षं जॉइनिंगची तारीख मिळाली नाही. पुण्यातल्या 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने २०२४ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली, तो विषय माध्यमांत गाजला, आणि त्यानंतर मुलांना बोलावणं आलं. या सर्व काळात त्या मुलांच्या कॉलेजांच्या नोंदीत ती 'प्लेस्ड' होती. घरी मात्र कोणी कॉल सेंटरला जात होतं, कोणी शिकवण्या घेत होतं. मुलांच्या वतीने पत्र लिहिण्याचं काम संघटनेला करावं लागलं. कॉलेजने नोकरी आपल्या नावावर जमा केली असेल, तर ते काम पहिल्यांदा कॉलेजचं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि ज्या पगारासाठी हे सगळं, तो मोठ्या आयटी कंपन्यांत दहा-बारा वर्षांपूर्वी सव्वातीन लाखांच्या आसपास होता, आज साडेतीन-पावणेचार लाखांच्या आसपास आहे. मधल्या काळात हिंजवडीतल्या कॉटबेसिसचं भाडं किती वाढलं, हे तिथे राहणाऱ्या कोणालाही विचारावं.

इथपर्यंत बोललो ते अभियांत्रिकीबद्दल, म्हणजे अल्पसंख्याकांबद्दल. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार पदवीच्या वर्गांत कला शाखेचे विद्यार्थी ३४.२ टक्के, विज्ञानाचे १४.८, वाणिज्यचे १३.३ आणि अभियांत्रिकीचे अवघे ११.८ टक्के. कॉलेजांच्या संख्येत महाराष्ट्र देशात दुसरा. यांतल्या बहुतेक कला-वाणिज्य महाविद्यालयांत प्लेसमेंट सेल आहे, कारण नॅकच्या मूल्यांकनात पाचवा निकष विद्यार्थी साहाय्य आणि प्रगतीचा आहे आणि त्यात नोकरीला लागलेल्यांचे आकडे मागतात. समितीची भेट जवळ आली की इतिहासाच्या प्राध्यापकांकडे सेलचा कार्यभार येतो, 'व्यक्तिमत्त्व विकास' या विषयावर एक व्याख्यान होतं, त्याचे फोटो फाइलमध्ये जातात. बी.ए. झालेल्या मुलाला कोणती कामं करता येतात, त्याच्या जिल्ह्यात ती कोण देतं, अर्ज कुठे करायचा, हे सांगायला त्या फाइलमध्ये एक पान नसतं. मग तो सगळ्यांना माहीत असलेल्या एकाच दिशेने जातो. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. त्याचं खापर मुलांच्या सरकारी नोकरीच्या वेडावर फोडलं जातं. मला त्यात दुसऱ्या वाटा दाखवणाऱ्या यंत्रणेचा अभाव अधिक दिसतो.

मग सेलशिवाय नोकऱ्या लागतात कशा? ओळखीने. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बॉस्टनजवळच्या न्यूटन गावातल्या नोकरदारांचा केलेला अभ्यास सत्तरच्या दशकात प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक लोकांना नोकरी कोणा ना कोणा माणसाकडून कळली होती, आणि हा माणूस बहुतेकदा जिवलग मित्र नव्हता. कधीमधी भेटणारा परिचित होता. आपल्याकडे हेच वेगळ्या वजनाने लागू पडतं. ज्याचा मामा कंपनीत मॅनेजर, त्याला प्लेसमेंट सेलची गरज नाही. ज्याच्या घरात पगारपत्रक कोणी पाहिलेलंच नाही, त्याच्यासाठी सेल हाच मामा. म्हणून या व्यवस्थेचं मोजमाप पहिल्या बाकावरच्या मुलांवरून करू नये, घरातल्या पहिल्या पदवीधरावरून करावं.

ओळख नसली की काय होतं, याचा पुरावा आहे. मूळचे विदर्भातले अर्थतज्ज्ञ आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष सुखदेव थोरात यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्यासह केलेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज पाठवले. पात्रता सारखी, फरक फक्त नावांत. दलित आडनावाच्या उमेदवाराला बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावाच्या मानाने सुमारे दोन तृतीयांश होती, मुस्लिम नावाच्या उमेदवाराला सुमारे एक तृतीयांश. कॅम्पसवर निदान अर्जाची ही पहिली पायरी टळते, कारण अटीत बसणाऱ्या सगळ्यांचीच कंपनी परीक्षा घेते. पण सौमित्र शुक्ल या अर्थशास्त्रज्ञाने एका नामांकित भारतीय संस्थेतल्या कॅम्पस भरतीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दिसलं की छाननी, लेखी चाचणी, गटचर्चा या टप्प्यांवर जातींमधली तफावत फारशी वाढत नाही. ती जवळजवळ सगळी शेवटच्या वैयक्तिक मुलाखतीत तयार होते. 'घरी कोण कोण असतं, वडील काय करतात' या गप्पांच्या फेरीत. प्लेसमेंट सेल कंपनीला वातानुकूलित खोली आणि जेवण देते. मुलाखतीत काय विचारायचं नाही, हेही तिने कंपनीला सांगायला हवं, आणि प्रत्येक फेरीत कोण गळालं याची नोंद स्वतःकडे ठेवायला हवी.

यापलीकडे खरा उपयोग होतो तो फलकावर न दिसणाऱ्या कामांचा. बिहार आणि झारखंडमध्ये ग्रामीण युवकांच्या सरकारी कौशल्य प्रशिक्षणात अभ्यासकांनी एक साधा प्रयोग केला: प्रशिक्षणादरम्यानच मुलांना पुढच्या नोकरीतला पगार, राहण्याची सोय, शहराचा खर्च यांची खरी माहिती दिली. ज्यांना ती मिळाली, त्यांच्यातले जास्त जण काही महिन्यांनंतरही नोकरीत टिकून होते. आपल्याकडे सीटीसी सांगतात, हातात किती पडतील ते सांगत नाहीत. परभणीची मुलगी चाकणला रुजू होते आणि तिसऱ्या महिन्यात परत येते. कॉलेजच्या हिशेबात ती यशस्वी असते.

शिकाऊ उमेदवारीचंही तसंच. १९६१ चा अ‍ॅप्रेंटिस कायदा २०१४ मध्ये दुरुस्त झाला, तेव्हापासून बी.ए., बी.कॉम. झालेल्यांनाही त्याची वाट खुली आहे. तीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. २०१९ च्या नियमांनी पदवीधराला किमान ९,००० रुपये विद्यावेतन ठरवलं, आणि केंद्राच्या योजनेत त्यातला निम्मा भार सरकार उचलतं. जिल्ह्याच्या एमआयडीसीतल्या अशा आस्थापनांची यादी करून प्रत्येकाशी बोलणं, हे कोणत्याही कॉलेजला एका वर्षात जमणारं काम आहे. इचलकरंजीचे यंत्रमाग, कोल्हापूरच्या फाउंड्री, जालन्याचं बियाणं आणि पोलाद, नाशिकचं सातपूर-अंबड: इथे हिशेब, खरेदी, माल पाठवणी, गुणवत्ता तपासणी यांसाठी माणसं लागतात आणि ती बहुधा ओळखीनेच घेतली जातात. एका वेळी दोनशे मुलं उचलणारी कंपनी नसली, तरी दोन-दोन मुलं घेणारे शंभर कारखाने असतात. त्यांच्याकडे जायला मोटरसायकल, वेळ आणि तीन वर्षं एकाच पदावर टिकणारा माणूस लागतो. आज दरवर्षी हा कार्यभार नव्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाकडे जातो आणि जमवलेल्या ओळखी त्याच्याबरोबर निघून जातात.

अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या रोजगार अहवालात पंचविशीच्या आतल्या पदवीधरांमध्ये बेरोजगारी ४२.३ टक्के होती. पस्तिशीनंतर ती पाच टक्क्यांखाली जाते. म्हणजे काम कधी ना कधी मिळतंच, पण मधली वर्षं मुलं वाट पाहण्यात काढतात आणि शेवटी जे मिळेल ते पत्करतात. मुलींच्या बाबतीत ही वर्षं बहुधा लग्नाने संपतात. कॉलेजची मदत याच वर्षांसाठी हवी, आणि नेमक्या त्याच वेळी, निकाल लागला की, सेलच्या यादीतून मुलाचं नाव निघतं. पदवीनंतर दोन वर्षं तरी सेलचं दार माजी विद्यार्थ्याला उघडं असावं, ही मागणी कोणत्याही विद्यापीठाला नियमात बसवता येईल.

तोवर पालकांनी प्रवेशाच्या टेबलावरच काही गोष्टी विचाराव्यात. हायेस्ट राहू द्या, मधला पगार किती? टक्केवारी काढताना भागिले कितीने केलं? गेल्या वर्षी ऑफर मिळालेल्यांतले प्रत्यक्ष रुजू किती झाले, आणि वर्षभराने तिथेच किती आहेत? एटीकेटी लागलेल्या मुलांसाठी सेल काय करते? टीपीओ इथे किती वर्षं आहेत? आणि गेल्या वर्षी नोकरी न लागलेल्या मुलांना कॉलेजने शेवटचा फोन कधी केला?