पहिला वेचा, दुसरा वेचा आणि तीच उसण

अकोल्याच्या काळ्या रानात दिवाळीच्या आगेमागे कपाशीचा वेचा सुरू होतो. कमरेला ओटी, मान खाली, दोन्ही हात पुढे. चिमटीनं बोंडातला कापूस ओढत दिवस जातो. मजुरी किलोवर, म्हणून थांबणं परवडत नाही. संध्याकाळी बाईच्या फऱ्याच्या आणि कण्याच्या मधल्या जागी उसण भरते. शेकलं, तेल चोळलं, गावातल्या पायाळू (जन्मताना पाय आधी बाहेर आलेल्या) माणसाचा पाय पाठीला लावून घेतला, की चार दिवसांत जाते. पुढच्या वेच्याला मात्र त्याच जागी पुन्हा हजर!

फरा हे हाडच अजब. धडाच्या सांगाड्याशी त्याचा सांधा एकच, तोही गळपट्टीच्या हाडाच्या टोकाशी, बोटाच्या पेराएवढा. बाकी हा सपाट त्रिकोण बरगड्यांवर नुसता सरकत असतो आणि त्याला धरून ठेवतात सतरा स्नायू. हात पुढे गेले की फरा पुढे सरकतो, आणि कण्याकडून त्याला ओढून धरणारे स्नायू ताणलेल्या अवस्थेतच दिवसभर राबतात. वर चार-पाच किलोचं डोकं पुढे झुकलेलं.

अशा ताणानं स्नायूचे तंतू फाटले की काही तासांत संरक्षक पेशी येऊन मोडतोड साफ करू लागतात. खरी गंमत त्यानंतरची. प्रत्येक तंतूला चिकटून, त्याच्याच आवरणाखाली, इवल्या पेशी निजलेल्या असतात. अलेक्झांडर मॉरो यांनी 1961 मध्ये बेडकाच्या स्नायूत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्या पाहिल्या. इजा होताच त्या जाग्या होतात, वाढतात, तुटक्या तंतूत मिसळून जातात. सगळ्या नाहीत; काही परत निजतात, पुढच्या इजेसाठी.

जखमेच्या जागी कोलॅजनचे धागेही विणले जातात, पण आधी वेडेवाकडे. ते सरळ रांगेत बसतात ते स्नायूवर ताण पडल्यावरच. म्हणजे महिनाभर पडून राहणं हा उपाय नव्हेच. दुखणं काही दिवसांत थांबतं, धागे पक्के व्हायला मात्र कित्येक आठवडे लागतात, आणि पुढचा वेचा पंधरा-वीस दिवसांतच येऊन ठेपतो. पायाळूला श्रेय मिळतं ते यामुळेच: दुखणं आपोआप जायच्या बेतात असतानाच त्याचा पाय लागतो.

हलका, हळूहळू वाढणारा ताण द्यायची युक्ती आपल्या आखाड्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वैद्य बंधूंनी 1914 मध्ये काढलं. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकानं तिथे देशी खेळ दाखवले. आखाड्यातला मुद्गल फिरवताना फरा पाहा: तो वर चढतो, गोल वळतो, कण्याकडे येतो. इंग्रजांच्या फौजेनं ही कसरत उचलली आणि 1904 व 1932 च्या ऑलिंपिकमध्ये तिची स्पर्धाही झाली. आज फिजिओथेरपिस्ट रबरी पट्टा हाती देतात, तत्त्व तेच. आधी हलकं, मग जड. उत्साहाच्या भरात दुसऱ्याच दिवशी जड मुद्गल उचलणारा मात्र पुन्हा शेकत बसतो.

वेचणाऱ्या बाईला मुद्गल कुठला? ओटी फार भरू न देता रिकामी करणं आणि दर तासाला ताठ उभं राहून दोन्ही फरे मागे जुळवणं तिला जमेल. पण किलोवरच्या मजुरीत तेवढ्याही वेळाचे पैसे कापले जातात, हे शहरात बसून सल्ला देणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

हाताला मुंग्या येत असतील, ताप असेल, किंवा पाठीबरोबर छातीत दुखून दम लागत असेल, तर ती उसण समजून तेल चोळत बसू नये. थेट दवाखाना गाठावा.